सात आठे चोपन्न

डॉ. श्रीशैल हिंगमिरे यांनी तीन बरगड्या, दोन दात आणि उजवं मनगट मोडून घेऊन एका बाईंचा जीव वाचवला. मंगळवारी सकाळी अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी, सातदरे उपजिल्हा रुग्णालयाच्या तळमजल्यावर.

असं काहीही घडलेलं नाही. त्या दिवशीच्या नोंदीत ‘घटना’ या रकान्यापुढे ‘निरंक’ असं लिहिलेलं आहे, आणि सरकारी दवाखान्यात निरंक या शब्दाइतकं ठणठणीत दुसरं काहीच नसतं. तेव्हा आपणही काही घडलं नाही असंच धरून चालू, आणि ही न घडलेली गोष्ट सुरुवातीपासून सांगू.

सकाळी पावणेदहाला सिस्टर लिडिया साळवे डॉक्टरांच्या छातीला फोमचा पट्टा आवळत होत्या.

“श्वास सोडा सर. अजून. पोट आत घ्या.”

“आतच आहे, सिस्टर. बाहेर दिसतंय ते पोट नाही, मागच्या गुरुवारची सूज आहे.”

“मग आज डाव्या बाजूला घेऊ नका.”

“मी कुठे घेतो? ते देतात.”

पट्ट्यावर पांढरा कोट. कोटावर स्टेथोस्कोप, सक्तीचा. त्याला कानात घालायची टोकं होती, नळी होती, पण छातीला लावायची चकती नव्हती. ती लागून एका नातेवाइकाचं बोट कापलं होतं. हेल्मेटसाठी हिंगमिऱ्यांनी दोनदा अर्ज केला होता. समोरच्याच्या डोक्यावर हेल्मेट दिसलं की जमावाचा राग अठरा टक्क्यांनी वाढतो, सबब डोकं उघडं असणं हा सेवेचाच भाग समजावा, असं उत्तर आलं होतं.

हिंगमिरे बावन्न वर्षांचे. एकेकाळी चार जिल्ह्यांतले लोक पोट फाडून घ्यायला त्यांच्याकडे यायचे आणि फाडल्यावर पेढे द्यायचे. आता त्यांचं पद होतं ‘संवाद वैद्यकीय अधिकारी’. काम एकच: मार खाणं.

हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण यात कुणाचाच हेतू वाईट नव्हता.

राज्यातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांना ‘समन्वय’ नावाची यंत्रणा जोडलेली होती. पेशंट दारातून आत आला की त्याच्या मनगटावर एक पट्टी चढायची. पट्टी नाडी, ताप, प्राणवायू मोजायची. भिंतीतला बाईचा आवाज चार प्रश्न विचारायचा. या सगळ्याचा कोट्यवधी जुन्या आजारपणांशी मेळ घालून समन्वय निदान करायची, रांग लावायची आणि वेळ आली की आपल्याच पोलादी हातांनी ऑपरेशनही करायची. शंभरात सत्त्याण्णव वेळा ती बरोबर असायची. आपल्या उमेदीच्या काळात हिंगमिरे शंभरात एक्क्याऐंशी वेळा बरोबर होते. हे त्यांना छापील पत्राने कळवण्यात आलं होतं.

सुरुवातीला डॉक्टरांना ‘हरकत’ घ्यायचा अधिकार होता. डॉक्टरांनी तो मन लावून वापरला. आमदारांचे मेहुणे, स्वतःच्या सासवा, सोसायटीचे चेअरमन असे सगळे हरकती घेऊन घेऊन रांगेत पुढे सरकवले गेले. खुद्द हिंगमिऱ्यांनी आपल्या बहिणीचे दोन्ही गुडघे असेच पुढे काढले होते. समन्वयने हे दोन वर्षं निमूटपणे पाहिलं आणि मग डॉक्टरच्या शब्दाची विश्वासार्हता एक्केचाळीस टक्क्यांवर आणून ठेवली. नातेवाइकांची चव्वेचाळीस होती.

आता दुसरी गोष्ट. समन्वयला उद्दिष्ट एकच दिलेलं होतं: पुढच्या दहा वर्षांत जास्तीत जास्त जीव वाचले पाहिजेत. जमाव चिडला की सोनोग्राफीचं यंत्र फुटतं आणि फुटलेल्या यंत्रापायी पुढे पन्नास माणसं मरतात, हे तिचं तिलाच कळलं. म्हणजे जमावाचा राग हाही एक रोगच, आणि तोही साथीचा. मग ती तो मोजायला लागली. आवाजाची पट्टी, श्वासाचा वेग, वळलेल्या मुठी, दोन माणसांमधलं अंतर या सगळ्यांवरून शून्य ते शंभरमधला एक आकडा निघायचा. त्याचं नाव क्षोभांक. पुढचं तिला कुणीही शिकवलं नव्हतं. ज्यांचा क्षोभांक जास्त त्यांचा पेशंट आधी घेतला, तर एकंदरीत माणसं जास्त वाचतात, हे तिने शोधून काढलं. दोन समित्यांनी ते गणित तपासलं. गणित बरोबर होतं.

तिसरा शोध असा, की चिडलेल्या जमावाला पांढऱ्या कोटातला एक जिवंत माणूस दिला, तर तो चार मिनिटांत थंड होतो आणि यंत्रं शाबूत राहतात. हेही बरोबर होतं. पूर्वी लोकांचा जीव डॉक्टरच्या हातात असायचा. आता डॉक्टर लोकांच्या हातात असायचा. बाकी दवाखाना तोच, पंखेसुद्धा तेच.

पावणेअकराला दाजी कोंगळे आले.

दाजी नातेवाईक पुरवायचे. एकट्यादुकट्या पेशंटला क्षोभांक कुठून मिळणार? म्हणून दाजी स्वतःसकट बारा पुरुष आणि रडायला दोन बायका घेऊन यायचे. आज एका म्हाताऱ्याचा मोतीबिंदू होता. म्हातारा ओळखीचं कुणी दिसतंय का म्हणून चौदाही चेहरे निरखून पाहत होता.

“काय डॉक्टर, डावी बरगडी बरी हाय का?”

“दुखतेय अजून.”

“मग उजवीकडनं घेतो. ए, आज उजवीकडनं रे सगळ्यांनी! अन् पिंट्या, हातातलं कडं काढ आधी. मागल्या टायमाला साहेबांना टाकं पडलं.”

पिंट्याने कडं काढून दाजींच्या खिशात टाकलं. दोन्ही बायकांनी हंबरडा फोडला. दाजींनी पहिली लाथ पोटरीवर घातली, ती रीतसर होती. मग कोपर, पाठ, मांडी. पिंट्याचा एक ठोसा मात्र निसटून नाकावर बसला आणि रक्त आलं. हिंगमिरे फरशीवर आडवे झाले आणि भिंतीवरच्या फलकाकडे पाहू लागले. अशा वेळी आकडा सत्तरच्या पुढे पळायचा. आज तो बारावर बसून होता.

“ओळखीचे चेहरे चौदा,” भिंतीतली बाई म्हणाली. “सदर क्षोभ ग्राह्य धरलेला नाही. कृपया आसनस्थ व्हा.”

दाजींची लाथ हवेतच थांबली. “म्हंजे आपण फुकट मारलं व्हय?”

“तसंच दिसतंय,” फरशीवरून हिंगमिरे म्हणाले. “ती शिकली. आता खरा राग लागणार.”

“आता खरा राग कुठनं आणायचा?” दाजी मटकन बाकावर बसले. “सॉरी हां, डॉक्टर.”

हिंगमिऱ्यांना उठायची घाई नव्हती. फरशी गार होती. त्यांनी मान वळवली, तर नाकासमोर दोन पाय. शेजारी चपला, एकमेकींना अगदी समांतर. पायांच्या नखांना रंग नव्हता. तळवे खडूसारखे पांढरे.

हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण पंचवीस वर्षं माणसांची पोटं पाहिलेला मेंदू मार खातानाही चालूच असतो.

“बाई,” त्यांनी एका पावलाला हात लावला, “पाय गार पडलेत तुमचे.”

“तुमच्या नाकातून रक्त येतंय,” वरून आवाज आला. “आधी ते पुसा. बाहीला नको, रुमालाला.”

त्या उटगेबाई होत्या. नलिनी उटगे, वय एकोणसाठ, सातदऱ्याच्या हायस्कुलात एकतीस वर्षं गणित. बाकावर ताठ बसल्या होत्या. ओठ पांढरे, कपाळावर गार घाम, डावा खांदा जरा वर उचललेला. हातात टोकन एकसष्ट.

“खांदा दुखतोय?”

“आडवी झाले की दुखतो. नीट बसलं की बरं असतं. सगळ्यांनीच नीट बसावं.”

“कुठे पडला होतात का?”

“आठ दिवस झाले. कपाटावरचा लाकडी कोनमापक काढताना स्टुलावरून. डाव्या कुशीवर.”

“हे यंत्राला सांगितलंत?”

“तिने आज काय होतंय ते विचारलं. विचारलं असेल तेवढंच उत्तर लिहावं.”

“आणि दुखणं किती सांगितलंत?”

“दहापैकी अडीच.”

“अडीच?”

“एकतीस वर्षांत मी कुणाला दहापैकी आठच्या वर दिलेले नाहीत,” बाई धापा टाकत म्हणाल्या. “आणि हे काही एवढं चांगलं दुखणं नाही.”

हिंगमिऱ्यांनी त्यांच्या मनगटावरची पट्टी पाहिली. नाडी अठ्ठ्याहत्तर. ती असायला हवी होती एकशे तीस. बाईंच्या शेजारी त्यांचे यजमान प्रभाकरराव स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. नगर वाचनालयात जन्म गेलेला माणूस. कुठेही बोलला तरी शेजारी कुणी वाचत असल्यासारखाच बोलायचा.

“कसल्या गोळ्या घेतात का या?”

“नावावर काही नाहीत,” प्रभाकरराव कुजबुजले. “माझ्याच पाकिटातली घेते. दोघांचं प्रेशर सारखंच, मग दोनदा कशाला तपासायचं?”

झालं. नवऱ्याच्या गोळ्यांनी बायकोची नाडी धरून ठेवली होती. आठ दिवसांपूर्वी बाईंची डाव्या बरगड्यांमागची प्लीहा तडकली होती, आज सकाळी ती फुटली होती आणि पोटात रक्त साचत होतं. ते रक्त छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला लागलं की खांदा दुखतो, हे वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला शिकवतात. समन्वय मूर्ख नव्हती. एका बाईची नाडी अठ्ठ्याहत्तर आणि दुखणं अडीच, म्हणजे पित्त. मिळालेल्या माहितीवर हिंगमिऱ्यांनीही तेच लिहिलं असतं. फक्त मिळालेली माहिती नवऱ्याच्या पाकिटातली होती.

ते खांबाजवळच्या हरकत खिडकीपाशी धावले, म्हणजे लंगडत गेले.

“टोकन एकसष्ट. प्लीहा फुटली आहे. नाडी नवऱ्याच्या प्रेशरच्या गोळ्यांनी दबली आहे. आत्ताच्या आत्ता सोनोग्राफी.”

“धन्यवाद, संवाद अधिकारी. माहितीचा स्रोत मानवी. विश्वासार्हता एक्केचाळीस टक्के. गोळ्यांची खात्री रक्ततपासणीने होईल. तपासणी उद्या सकाळी नऊ वाजता.”

“उद्या सकाळी नऊ वाजता त्यांची दशक्रियेची यादी होईल!”

“आपल्या भावना नोंदवल्या आहेत.”

खिडकी मिटली. सोनोग्राफीच्या खोलीला आणि ऑपरेशनच्या दाराला डॉक्टरांच्या हाताचा ठसा तीन वर्षांपूर्वीच चालेनासा झाला होता. शहर सत्तर किलोमीटरवर, आणि रुग्णवाहिकाही समन्वयच सोडणार. हातात वेळ फार तर अर्धा तास. पण एकदा का यंत्राला पोटातलं रक्त दिसलं असतं, की पुढे कुणी काही सांगायची गरज नव्हती. तिला फक्त बघायला लावायचं होतं. आणि बघायला लावायचा रस्ता एकच होता. तो क्षोभांकाच्या नव्वदच्या वरून जात होता.

हिंगमिरे बाईंच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडे वळले. सव्वीस जण होते. सगळे उटगेबाईंचे माजी विद्यार्थी. जेसीबी चालवणारे दोघे, एक हवालदार, एक नगरसेवक, तालमीतले तिघे. एकेकाचे दंड नारळाच्या झाडाएवढे. आणि सगळे उंचीप्रमाणे एका रांगेत, हाताची घडी घालून. क्षोभांक तीन.

“अरे, तुमच्या बाई मरताहेत!” हिंगमिरे ओरडले. “अर्ध्या तासात जातील. यंत्र त्यांना आत घेत नाहीये. चिडा! मला मारा!”

रांगेच्या शेवटी उभा असलेला यल्लाप्पा माळगे, सहा फूट दोन इंच, त्याने बोट वर केलं.

“सर, एक विचारू?”

“विचार!”

“एकेक करून मारायचं का?”

“कसंही मारा!”

यल्लाप्पाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळे मिटूनच मान हलवली. “दवाखान्यात आवाज नको,” त्या म्हणाल्या. सव्वीस हात पुन्हा घडीत गेले.

कोपऱ्यातून दाजी हताश होऊन म्हणाले, “ह्यांना मी फुकट शिकवीन, डॉक्टर, पर ह्यांच्यात मालच न्हाई.”

हिंगमिऱ्यांनी जन्मात कुणावर हात उचलला नव्हता. ते प्रभाकररावांसमोर जाऊन उभे राहिले, एकवार डोळे मिटले आणि त्या साठीच्या माणसाच्या थोबाडीत मारली. फाटकन. चष्मा उडून तिसऱ्या बाकाखाली गेला. एका विद्यार्थ्याने रांगेतून बाहेर येऊन तो उचलला, पुसला, परत दिला आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला.

“आमचं काही चुकलं का?” प्रभाकररावांनी गालावर हात ठेवून विचारलं.

क्षोभांक चार.

तेवढ्यात उटगेबाई बाकावर एका अंगाला कलल्या. पडताना त्यांनी साडीचा पदर सावरला आणि मग त्यांना काही सावरता आलं नाही.

हिंगमिऱ्यांकडे अजून एक अधिकार शिल्लक होता. पेशंट रांगेत सापडला नाही तर त्याच्या नावापुढचं ‘रुग्ण निघून गेला’ हे बटण संवाद अधिकाऱ्याने दाबायचं असे. यंत्राने ते दाबलं की लोक यंत्रावर चिडत, म्हणून ते माणसाकडे ठेवलं होतं. राज्यातल्या डॉक्टरी पेशाची उरलेली सगळी सत्ता त्या एका बटणात मावली होती. ते दाबलं की टोकन रद्द. बाईंची होती नव्हती ती जागाही गेली असती.

“इकडे बघा सगळ्यांनी,” हिंगमिरे म्हणाले. आवाज त्यांनी मुद्दाम उर्मट केला. “टोकन एकसष्ट. तुमच्या बाईंचं. बघताय ना?”

त्यांनी बटण दाबलं.

“टोकन एकसष्ट रद्द,” भिंतीतली बाई म्हणाली. “रुग्ण स्वेच्छेने निघून गेला आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.”

सव्वीस जणांनी बाकावर आडव्या पडलेल्या बाईंकडे पाहिलं. मग फलकाकडे. मग डॉक्टरांकडे.

“एक म्हातारी कमी,” हिंगमिरे म्हणाले आणि हसले. “रांग छोटी झाली.”

पहिला फटका प्रभाकररावांचा. तीन पुडांचा डबा त्यांनी जाड शब्दकोश धरावा तसा दोन्ही हातांनी धरला आणि डॉक्टरांच्या तोंडावर आपटला. “क्षमस्व,” असं पुटपुटले आणि पुन्हा आपटला. वरच्या पुडातला मऊ भात डॉक्टरांच्या भुवईवर बसला आणि पुढचे दोन दात फरशीवर गेले. मग एकतीस वर्षांत पहिल्यांदाच रांग मोडली.

दाजींच्या माणसांना कुठे मारायचं ते माहीत होतं. या माणसांना कुठे मारायचं नाही ते माहीत नव्हतं. हवालदाराने कानावर मारलं. नगरसेवकाने गुडघा घातला तो थेट डाव्या बरगड्यांत. एक, दोन, आणि तिसरी जरा थांबून गेली. तालमीतल्या एकाने त्यांना कमरेला धरून उचललं आणि आपटलं. फोमचा पट्टा सुटून छताच्या पंख्याकडे गेला. पांढरा कोट लाल झाला. सिस्टर लिडिया मध्ये पडल्या, तर त्यांना कुणीतरी अदबीने उचलून बाजूला ठेवलं.

“अरं डोस्क्यात न्हाई!” दाजी बाकावर उभे राहून किंचाळत होते. “डोस्क्यात न्हाई मारायचं! कुणी शिकवलं न्हाई का रं तुम्हांला?”

क्षोभांक एकतीस. अडुसष्ट. त्र्याण्णव. सत्त्याण्णव.

“अनोळखी चेहरे सत्तावीस,” भिंतीतली बाई म्हणाली. “क्षोभ ग्राह्य. टोकन एकसष्ट पुनर्स्थापित. सोनोग्राफी कक्ष रिकामा करण्यात येत आहे. अंदाजे वेळ सहा मिनिटं.”

सहा मिनिटं. समन्वयचा नियम हिंगमिऱ्यांना पाठ होता: पेशंट आत जायच्या आधी आकडा साठच्या खाली आला, तर जागा परत जाते. आणि डॉक्टर हाताशी असला की जमाव चार मिनिटांत थंड होतो. म्हणजे दोन मिनिटं कमी पडत होती. एक घडी त्यांना वाटलं, हे गणित बाईंनाच विचारावं.

कुठून तरी घरघरत एक चाकाची खाट आली. तिच्या पोलादी हातांनी बाईंना अलगद उचलून घेतलं. खाट सोनोग्राफीच्या बंद दारापाशी जाऊन थांबली. आत कुणाचा तरी हर्निया खाली उतरत होता, कपडे नीट करत होता, चप्पल शोधत होता.

शहाऐंशी. त्र्याहत्तर. मारणाऱ्यांना दम लागला होता. रक्त पाहून एकाला उलटी झाली. चांगल्या वळणाची मुलं ती.

“सर,” हवालदार गुडघ्यावर बसला, “पाणी देऊ का?”

सहासष्ट.

“नको,” हिंगमिऱ्यांच्या तोंडातून बुडबुडे आले. “तुझ्या आईच्या...” पण त्यांना शिवीही धड देता येईना. आयुष्यात कधी दिली नव्हती.

चौसष्ट. प्रभाकररावांनी डब्याचं झाकण लावलं आणि डॉक्टरांचा स्टेथोस्कोप सरळ केला. दार अजून बंद. बासष्ट.

हिंगमिरे कोपरावर उठले. तोंडातलं रक्त थुंकलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, स्पष्ट म्हणाले, “सात आठे चोपन्न.”

सव्वीस माना एकदम वळल्या.

“काय म्हणाला?” यल्लाप्पाने विचारलं.

“सात आठे चोपन्न. साती साती पन्नास.” त्यांनी श्वास घेतला, तो छातीत काचेसारखा फिरला. “नऊ नवे ऐंशी. तुमच्या बाईंनी तुम्हांला चुकीचे पाढे शिकवले. सगळे नापास!”

एकतीस वर्षांच्या छड्या, अंगठे, बाकावर उभं राहणं, रोज संध्याकाळी म्हटलेले पाढे, हे सगळं त्या सव्वीस माणसांच्या अंगात एकदम उठलं. यल्लाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने डॉक्टरांचा उजवा हात फरशीवर पसरला, मनगटावर आपला चौदा नंबरचा बूट ठेवला आणि पूर्ण वजन दिलं.

“छप्पन्न!” तो रडत ओरडला. “छप्पन्न! छप्पन्न! छप्पन्न!”

वाळल्या शेंगेसारखा आवाज आला. रेडियस हाडाचं खालचं टोक, हिंगमिऱ्यांच्या मेंदूने नोंद केली, आणि आतलं होडीच्या आकाराचं ते छोटं हाड. ते नीट जुळत नाही कधी. निदान अचूक होतं. कळवायला कुणी नव्हतं.

क्षोभांक नव्व्याण्णव. दार उघडलं. खाट आत जाताजाता तिच्यावरून अगदी बारीक, पण खणखणीत आवाज आला.

“छप्पन्न, मूर्खा.”

अकरा वाजून एकोणीस मिनिटं. “उदरपोकळीत रक्त दीड लिटर,” भिंतीतली बाई म्हणाली. “प्लीहा फुटलेली. तातडीची शस्त्रक्रिया.” तेवढं ऐकून हिंगमिऱ्यांनी डोळे मिटले.

सहाव्या दिवशी उटगेबाई काठी टेकत पुरुषांच्या वॉर्डात आल्या. मागे सव्वीस जण उंचीप्रमाणे, प्रत्येकाच्या हातात एकेक शहाळं. यल्लाप्पाचे डोळे सुजलेले. प्रभाकररावांनी नवा डबा आणला होता. जुन्याला पोचे आले होते.

हिंगमिऱ्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. तो हात आता सुई धरू शकणार नव्हता. समन्वयने त्यांना तसं कळवलं होतं आणि पुढे हेही, की संवाद अधिकाऱ्यास कामासाठी मनगटाची आवश्यकता नाही, तरी सोमवारी रुजू व्हावं.

“दुखणं दहापैकी किती?” भिंतीतल्या बाईने विचारलं.

हिंगमिऱ्यांनी उटगेबाईंकडे पाहिलं. “साडेतीन,” ते म्हणाले.

“तीन,” बाई म्हणाल्या. “अर्धा तोंडातल्या तोंडात बोलल्याबद्दल कापला.” मग त्यांनी स्टूल ओढलं आणि जपून बसल्या. “सात आठे किती?”

“छप्पन्न.”

“मग त्या दिवशी?”

“त्या दिवशी चोपन्न होते, बाई.”

उटगेबाईंनी त्या प्लॅस्टरकडे पाहिलं.

“चालेल,” त्या म्हणाल्या.

मागे यल्लाप्पाच्या हातातून शहाळं पडलं.

नोंदीचं म्हणाल, तर मालमत्तेचं नुकसान झालं तरच ती ‘घटना’ धरतात. त्या दिवशी एकाही यंत्राला ओरखडा नव्हता. घटना निरंक. प्लीहेचं निदान समन्वयच्या नावे जमा झालं आणि तिची अचूकता सत्त्याण्णववरून सत्त्याण्णव पूर्णांक एक झाली. जागेवर असलेला पेशंट निघून गेल्याचं खोटं कळवल्याबद्दल डॉक्टरची विश्वासार्हता एक्केचाळीसवरून अडतीस झाली. आणि समन्वय एक नवी गोष्ट शिकली: ‘चोपन्न’ हा शब्द उच्चारताच जमाव सदतीस अंकांनी भडकतो. पंधरा दिवसांत राज्यातल्या सगळ्या दवाखान्यांतून चोपन्न नंबरचं टोकन काढून टाकण्यात आलं. चोपन्न वर्षांच्या पेशंटांना त्रेपन्न किंवा पंचावन्न यांतलं सोयीचं वय निवडायची मुभा देण्यात आली.

हिंगमिऱ्यांनी रुजू व्हायच्या आधी एक अर्ज केला. डाव्या हाताने लिहिल्यामुळे अक्षर वाकडं आहे, पण शुद्धलेखन उटगेबाईंनी तपासून दिलेलं आहे.

प्रति, मा. प्रमुख, समन्वय कक्ष.

विषय : निदान माझ्या नावे नोंदवण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, टोकन क्रमांक एकसष्ट यांच्या प्लीहेचे निदान मी मंगळवारी सकाळी कर्तव्यावर असताना, फरशीवर पडल्या स्थितीत, रुग्णाचे पाय पाहून केले होते. सदर निदानाची नोंद माझ्या नावे व्हावी. ते नियमात बसत नसल्यास मला मारहाण झाली होती, एवढे तरी मान्य व्हावे. तेही शक्य नसल्यास, वैद्यकीय सेवेतील सर्व अधिकार आता समन्वयकडे वर्ग झाले असल्याने, सोमवारपासूनच्या मारहाणीकरिता समन्वयने स्वतःचा एक गाल उपलब्ध करून द्यावा, ही नम्र विनंती.